फॉर्म १६ वर कर शून्य, तरी पैसे का भरावे लागतात?

पगारदारांचं रिटर्न बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतं. कंपनीने दिलेला फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला) म्हणजेच आपलं सगळं उत्पन्न, असं धरलं जातं. कंपनीला फक्त तिने दिलेला पगार माहीत असतो. एफडीचं व्याज, शेअरवरचा लाभांश, घरभाडं, वर्षाच्या सुरुवातीला सोडलेल्या नोकरीचा पगार हे तुम्ही कळवलं नसेल तर त्यात येत नाही. कर मात्र सगळ्याच्या बेरजेवर लागतो.

म्हणून आयकर खात्याचं पोर्टल उघडण्याआधी ही बेरीज कागदावर मांडा. समजा आर्थिक वर्ष २०२५-२६ आहे, करप्रणाली नवी आहे आणि पगार १२,६०,००० रुपये. प्रमाणित वजावटीचे ७५,००० गेले की ११,८५,००० उरतात. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे (करातल्या सवलतीमुळे) कर शून्य होतो, म्हणून कंपनीने टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला नाही. आता एफडीचं ४८,००० आणि बचत खात्याचं ६,००० व्याज त्यात मिळवा. साठीच्या आतल्या ग्राहकाच्या ५०,००० पर्यंतच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, त्यामुळे इथेही काही कापलं गेलेलं नाही. करपात्र उत्पन्न झालं १२,३९,०००.

पहिल्या ४ लाखांवर काही नाही. पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि उरलेल्या ३९,००० वर १५ टक्क्यांनी ५,८५०. बेरीज ६५,८५०. बारा लाख ओलांडल्यामुळे रिबेट गेला. मात्र मर्यादा थोडीशीच ओलांडली असेल तर कर त्या वरच्या रकमेपेक्षा जास्त घेत नाहीत, त्यामुळे तो ३९,००० वर थांबतो. ४ टक्के सेस धरून ४०,५६०. व्याजाच्या ५४,००० मधले चाळीस हजार गेले! शिवाय देय कर १०,००० किंवा त्याहून जास्त असल्याने तो अ‍ॅडव्हान्स टॅक्स म्हणून वर्षभरातच भरायला हवा होता. जुलैत भरलात तर उशिराबद्दलच्या व्याजाचे आणखी साडेतीन हजारांहून थोडे जास्त जातात.

हे टाळता येतं, पण ३१ मार्चच्या आत. एनपीएसमधला (राष्ट्रीय पेन्शन योजनेतला) मालकाचा, म्हणजे कंपनीचा, हिस्सा मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या प्रणालीतही वजा होतो. पगाराच्या रचनेतले ३९,००० तिकडे वळवले असते तर वरच्या उदाहरणात कर शून्य झाला असता. ते जमत नसेल तर निदान व्याजाची रक्कम कंपनीला कळवून टीडीएस कापून घ्या, म्हणजे उशिराबद्दलच्या व्याजाचा भुर्दंड पडत नाही.

वर्षात दोन नोकऱ्या झाल्या असतील तर दोन्ही कंपन्या ७५,००० ची वजावट आणि खालचे स्लॅब आपापल्या हिशेबात स्वतंत्रपणे धरतात. रिटर्नमध्ये ते एकदाच मिळतात आणि फरक तुमच्या अंगावर येतो.

पीपीएफचं व्याज करमुक्त आहे. एफडीचं नाही, आणि पैसे मुदतीअखेर मिळणार असले तरी त्या त्या वर्षाचं व्याज त्या त्या वर्षी दाखवणंच बरं, कारण बँक तसंच कळवते. फॉर्म १५जी (आपला कर शून्य असल्याचं बँकेला दिलेलं घोषणापत्र) भरला म्हणजे व्याज करमुक्त झालं असं नाही. त्याने फक्त टीडीएस थांबतो. शेअर विकून झालेल्या नफ्याचे दर वेगळे आहेत, आणि नव्या प्रणालीत त्या करावर रिबेट मिळत नाही.

जुनी प्रणाली कुणाला परवडते? जुन्या प्रणालीतच मिळणारी ८०सी ची (पीपीएफ, विमा वगैरेंवरची) दीड लाखांची वजावट, गृहकर्जाचं दोन लाखांपर्यंत व्याज आणि घरभाडे भत्त्याची सूट असं सगळं एकत्र असेल तर दोन्ही हिशेब करून पाहा. जुनी निवडायची तर रिटर्न मुदतीत, म्हणजे ३१ जुलैच्या आत भरावं लागतं. उशीर झाला की नवीच लागू होते, आणि ५,००० रुपये लेट फी बसते. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००.

आता पोर्टल. पॅनने लॉगिन करून आधी एआयएस (वार्षिक माहिती विवरण) आणि २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं विवरण) उतरवून घ्या. एआयएसमध्ये तुमच्या पॅनवर नोंदलेलं व्याज, लाभांश, शेअरविक्री दिसते. आपल्या बेरजेशी ओळीनओळ ताडून बघा. एकच व्याज दोनदा आलं असेल तर तिथेच फीडबॅक द्या. टीडीएस मात्र २६एएसमध्ये दिसतो तेवढाच धरा.

वर्ष निवडताना जपा. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ च्या कमाईसाठी ‘कर निर्धारण वर्ष २०२६-२७’ निवडायचं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात ‘कर वर्ष २०२६-२७’ आहे, पण ते त्या तारखेनंतरच्या कमाईचं. आकडे सारखे दिसतात, म्हणून चलान भरतानाही नीट वाचा. चुकीच्या वर्षात गेलेले पैसे रिटर्नमध्ये दिसत नाहीत.

फक्त पगार आणि व्याज असेल, उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा फॉर्म. शेअर वर्षाच्या आत विकून नफा झाला असेल तर आयटीआर-२. फ्युचर्स-ऑप्शन्स केले असतील तर आयटीआर-३. आधीच भरून आलेले आकडे तसेच पुढे ढकलू नका. बचत खात्याचं व्याज त्यात बऱ्याचदा अपुरं असतं. देय कर निघाला तर ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’ म्हणून भरा आणि चलानचा तपशील रिटर्नमध्ये आला की नाही ते पाहा. परतावा येणार असेल तर बँक खातं पोर्टलवर प्रमाणित झालेलं हवं, आणि खात्यावरचं नाव पॅनशी जुळायला हवं.

‘सबमिट’ दाबलं की काम झालं असं समजू नका. आधारच्या ओटीपीने ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा. तिसाव्या दिवसानंतर केलंत तर व्हेरिफाय केल्याची तारीखच रिटर्नची तारीख धरतात, आणि ती ३१ जुलैनंतरची असेल तर लेट फी लागते.