जुना लेथ उभा करताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथले कारखाने सीएनसीकडे (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे) वळत गेले, तशी जुनी एचएमटी, हरिहरची किर्लोस्कर, बटाल्याची आणि राजकोटची यंत्रं शेडबाहेर पडत गेली. त्यातला एखादा पाच-सहा फुटी लेथ, म्हणजे धातूचा गज फिरवत ठेवून कापणारं यंत्र, हौशी माणूस घरामागच्या खोलीत आणून उभा करतो, याचा मला मनापासून आनंद आहे. त्याचं बीड (ओतीव लोखंड) चांगलं मुरलेलं असतं आणि नीट सांभाळलं तर आणखी एक पिढी काम देतं. दुःख एवढंच की वीस-तीस वर्षं कारखान्यात टिकलेली यंत्रं घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात कायमची बिघडवली जातात. चुका दरवेळी त्याच असतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे बेडवर ग्राइंडर फिरवणं. बेड म्हणजे लेथचा लांब बिडाचा पाया. त्याच्या एका टोकाला हेडस्टॉक आणि त्यावर जॉब (कापायचा तुकडा) धरून फिरणारा चक, दुसऱ्या टोकाला आधार देणारा टेलस्टॉक आणि मधे टूल घेऊन बेडवर सरकणारं सॅडल असतं. यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण बाकीच्या बहुतेक चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

कागलकडचा एक पोरगा माझ्याकडे आला होता. कष्टाळू, हाताला वळण असलेला. म्हणाला, "मामा, बेड आरशागत केलाय बघा, तरी गज सरळ निघंना. चकाजवळ माप बरोबर येतंय, वीतभर पुढं गेलं की जाड." त्याच्या घरी जाऊन पाहिलं. बेड खरोखर चकाकत होता. गंज जिथं जास्त होता तिथं त्यानं ग्राइंडरची फ्लॅप डिस्क (एमरीच्या पट्ट्यांची चकती) जास्त वेळ दाबली होती, म्हणजे चकापासून वीतभर अंतरावर. टेलस्टॉक ज्या पट्टीवर सरकतो तिचं मागचं टोक सहसा कमी झिजतं. तो आधार धरून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) पुढच्या व्हीवर, म्हणजे सॅडल ज्यावर सरकतं त्या उलट्या व्हीसारख्या धारेवर फिरवला, तर नेमक्या त्या जागी काटा खाली बसला. खळगा मिलिमीटरच्या काही शतांशांतलाच होता, डोळ्यांना दिसणारा नव्हता. पण पुढची व्ही खाली गेली की सॅडल आपल्याकडे कलतं, टूलचं टोक जॉबपासून मागं सरकतं आणि व्यासात त्याच्या दुप्पट फरक पडतो.

त्याहून वाईट म्हणजे एक गोष्ट बेडवर कुठंच उरली नव्हती, ती म्हणजे स्क्रेपिंगच्या (हातानं खरवडून पृष्ठभाग मापात आणण्याच्या) खुणा. त्या अर्धचंद्राकृती खुणा शोभेच्या नसतात. त्यांच्या खोलगट भागात तेल थांबतं आणि सॅडल त्या तेलावर चालतं. शिवाय जुन्या बेडवर चकापासून लांबच्या भागात मूळ खुणा दिसत असतील, तर झीज किती झाली याचा तो सगळ्यात भरवशाचा पुरावा असतो. पोरानं तो पुसून टाकला होता. उपाय काय? बेड काढून स्लाइडवे ग्राइंडिंगला (सरकायच्या पट्ट्या मोठ्या यंत्रावर घासून सरळ करायला) पाठवायचा. तिथून बेड सरळ होऊन येतो, पण सॅडल खाली बसतं, मग लीड स्क्रू (आटे कापताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) आणि एप्रन (सॅडलच्या पुढची पेटी) यांची रेषा जुळत नाही, म्हणून सॅडलखाली लायनिंगची पट्टी चिकटवून पुन्हा स्क्रेप करावं लागतं. हा सगळा खर्च त्या लेथच्या किमतीच्या वर गेला असता. त्यानं तो केला नाही, आणि मीही करायला सांगितलं नाही. आज तो त्यावर आखूड कामं करतो.

माझी पद्धत संथ आहे. बेडला डिझेल लावून रात्रभर ठेवतो, सकाळी पितळी पत्रीनं गंजाचे पोपडे उचलतो, मग तेलात बुडवलेल्या बारीक स्टील वूलनं हातानं पुसतो. गंजाचे काळे डाग राहिले तर राहू देतो, डागानं माप बिघडत नाही. एमरी पेपर बेडजवळ आणतच नाही, कारण त्याचे कण सॅडलखाली जाऊन बसतात आणि पुढं कित्येक महिने बेड घासत राहतात. "एवढा वेळ कोण घालवणार?" असं विचारणाऱ्याला मी सरळ सांगतो की मग नवीन यंत्र घे, हे तुझं काम नाही.

दुसरी चूक व्हीएफडीची, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हची. सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालते, वेग बटणावर बदलतो, म्हणून सगळ्यांना पहिल्या दिवशीच तो हवा असतो. वस्तू चांगली आहे, माझ्याकडंही आहे. पण मोटरची पाटी आधी वाचा. लहान मोटरी आपल्याकडं सहसा ४१५ व्होल्टवर स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेल्या असतात. सिंगल फेज व्हीएफडी बाहेर २३० व्होल्टच देतो. तशीच जोडली तर मोटरचा जोर जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि थोडा जाड कट घेतला की ती थांबते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा (त्रिकोणी जोडणी) करा. तीनच असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत आहे. तो वाइंडिंगवाल्याकडून सोडवून टोकं बाहेर काढून घ्या. मोटर उलट-सुलट फिरवणारा जुना ड्रम स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मधे ठेवू नका, चालू असताना फिरवलात की ड्राइव्ह जातो. वेग फार कमी केला की मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. हळू फिरवायचं आणि जोरही हवा असेल तर बॅक गिअर (वेग कमी करून जोर वाढवणारी दातेरी चाकं) लावा, तो त्याचसाठी दिलाय.

आणि चक आट्यांवर बसलेला असेल तर व्हीएफडीवर थांबण्याचा वेळ चार-पाच सेकंदांपेक्षा कमी ठेवू नका. झटकन ब्रेक लागला किंवा चालता चालता उलटं फिरवलं की स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) थांबतो, पण जडपणामुळं चक फिरत राहतो आणि आट्यांवरून सुटतो. आठ इंची चक सुटून बेडवर पडतो किंवा माणसाच्या अंगावर येतो. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

लेव्हलिंग न करता, म्हणजे बेड सपाट न बसवता काम सुरू करणारे तर रोज भेटतात. लेथ जड आहे म्हणजे आपोआप सरळ बसतो, असं त्यांना वाटतं. बिडाचा बेडही पिळतो. ०.०२ मिमी प्रति मीटर उतार दाखवणारी स्पिरिट लेव्हल उसनी आणा, बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना पाहा, पायांखाली शिम (पातळ पत्रे) द्या. मग टेलस्टॉक न लावता चकमध्ये जाडसर गज धरून त्यावर १५० मिमी अंतरावरच्या दोन कॉलर (उठावदार गोल पट्टे) एकाच सेटिंगवर बारीक कापा. दोन्हींचं माप जुळेपर्यंत टेलस्टॉककडच्या पायांची उंची बदलत राहा. महिन्याभरानं परत तपासा.

तुटलेल्या बिडाच्या हँडव्हीलला (हातानं फिरवायच्या चाकाला) साधा वेल्डिंग रॉड लावू नका, बीड शेजारीच तडकतं. कोल्हापुरात राहून असली जोडाजोड करण्याची गरजही नाही, आपल्याकडं फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) हाकेच्या अंतरावर आहे. मात्र तुटलेला भाग तसाच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून दिला तर कास्टिंग लहान येतं. राखी (ग्रे) बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. २५० मिमीच्या चाकात अडीच मिमी गेले, आणि मशिनिंगसाठी वर काही उरलंच नाही. मी जुना भाग जोडून घेतो, मशिनिंगच्या जागी तीनेक मिमी पुट्टी चढवतो, बोअर (मधलं भोक) बुजवतो आणि मग फाउंड्रीत नेतो.

बाकीच्या थोडक्यात सांगतो. तेलाच्या कपात ग्रीस भरू नका. गनमेटलचे (ब्राँझसारख्या धातूचे) बुश काढून बॉल बेअरिंग बसवायचा उत्साह आवरा. टेपर (निमुळती) पिन काढताना बारीक टोकाकडून ठोका. चकचे जॉ (पकडणारे जबडे) १, २, ३ या क्रमानंच घाला. लीड स्क्रू धरून लेथ कधीही उचलू नका. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) बॅकलॅश, म्हणजे स्क्रू-नटमधली मोकळीक, पाहून घाबरू नका, आधी नट बदला, तोही जमलं तर. झीज न मोजता डिजिटल रीडआउट (सरकलेलं अंतर आकड्यांत दाखवणारा पडदा) लावला तर चुकीचंच माप ठळक आकड्यांत दिसेल. गिअरच्या ढिगात १२७ दातांचा गिअर सापडला तर भंगारात टाकू नका. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे कापायला तोच लागतो.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेलं यंत्र स्वस्त मिळतं म्हणून घेत असाल, तर घरी आणून बटण दाबू नका. हेडस्टॉकमध्ये तेलाखाली पाणी आणि गाळ असतो. आधी सगळं तेल काढा, झाकण उघडून आतला गाळ धुऊन काढा. मोटर वाळवून मेगरनं (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) तपासून घ्या, बेअरिंग मात्र नवीनच घाला.

आणि पावसाळ्यात यंत्रावर प्लॅस्टिक टाकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या आत पाणी सुटतं आणि सकाळी बेड लाल झालेला दिसतो. काम संपलं की ६८ नंबरचं स्लाइडवे तेल लावा आणि वर जुनं सुती धोतर घाला. रंग सगळ्यात शेवटी, लेथ मापात चालायला लागल्यावर.