कुपवाडमधली पहिली एचआर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी पहिली एचआर म्हणून लागले. कामगार साठेक. माझ्याआधी एचआर म्हणजे अकाउंट्सच्या कपाटातला एक खण. पहिल्याच आठवड्यात एक जुने फिटर आले. "मॅडम, पोरीचं लगीन काढलंय, पीएफ निघंना."

पीएफला नाव 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब'. हाक मारायचं नाव मस्टरवर चढलं आणि तेच पुढे गेलं. नाव, जन्मतारीख जुळल्याशिवाय यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) आधार जोडला जात नाही, मग पैसे अडकतात. दरमहा 12 टक्के कापून गेलेले, मालकही तेवढेच भरतात (त्यातले 8.33 टक्के पेन्शनला), आणि ऐन वेळी हात रिकामा.

एकट्या बाळूकाकांचं करून भागणार नव्हतं. शिफ्ट बदलताना गेटजवळ टेबल टाकलं आणि चार दिवस प्रत्येकाचं आधार मस्टरशी ताडलं. एकवीस जणांत फरक! कुणाची जन्मतारीख तर सरळ 1 जून, शाळेतल्या गुरुजींची कृपा. सगळ्यांची जॉइंट डिक्लरेशनं, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या सहीचे दुरुस्तीचे अर्ज, भरली. मालक सह्यांना कंटाळले, पण केल्या. काकांचे पैसे लग्नाच्या नऊ दिवस आधी आले.

आता नवीन माणूस आधार बघूनच मस्टरवर चढतो.

रजेचं मात्र अजून जमलेलं नाही. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी लागली की तासगावकडची पोरं गायब. सुपरवायझर म्हणतात, नोटीस काढा. मी यंदा सप्टेंबरातच वही फिरवली, कुणाची बाग कधी ते लिहून घ्यायला. निम्म्यांनी लिहिलं.