स्पॉन्सरच्या नावाखाली दडलेली जुनी रेस कशी शोधायची

ब्रिटनमधल्या घोड्यांच्या रेसेसचा इतिहास वाचायला घेतला की घोडे लक्षात राहतात, जॉकी लक्षात राहतात, पण रेसच्या नावांपाशी सगळा गोंधळ होतो. १९७२ ला यॉर्कला रॉबर्टो या घोड्याने ब्रिगेडियर जेरार्डला हरवलं, ब्रिगेडियरच्या अख्ख्या करिअरमधला एकमेव पराभव, आणि रेसचं नाव होतं बेन्सन अँड हेजेस गोल्ड कप. आता हे नाव आजच्या कॅलेंडरमध्ये शोधा, सापडणार नाही. सिगारेट कंपनी गेली, १९८६ ला मॅचमेकर आलं, १९८९ पासून जडमाँट, आणि २०१२ ला फ्रँकेलने जी जडमाँट इंटरनॅशनल जिंकली ती हीच रेस. रॉबर्टो आणि फ्रँकेल एकाच रेसचे विनर आहेत हे नुसत्या नावांवरून कुणाला कळणार? म्हणून ही शोधायची पद्धत लिहितोय, जरा सवय झाली की फार वेळ लागत नाही.

पहिलं काम म्हणजे नाव बाजूला ठेवायचं आणि चार गोष्टी लिहून काढायच्या: कुठलं रेसकोर्स, कुठला महिना, किती अंतर, आणि कुठल्या घोड्यांसाठी (म्हणजे दोन वर्षांचे की मोठे, फ्लॅट म्हणजे बिनअडथळ्यांची, की हर्डल म्हणजे छोट्या अडथळ्यांची, की स्टीपलचेस किंवा नुसतं चेस म्हणजे मोठ्या अडथळ्यांची, आणि हँडिकॅप म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन देणारी आहे का). स्पॉन्सर बदलला तरी या चार गोष्टी सहसा बदलत नाहीत. डाँकास्टरची ऑक्टोबरमधली दोन वर्षांच्या घोड्यांची एक मैलाची रेस घ्या. १९६१ ला टाइमफॉर्म गोल्ड कप म्हणून सुरू झाली, १९६५ ला ऑब्झर्व्हर गोल्ड कप झाली, १९७६ ला विल्यम हिल फ्युच्युरिटी, १९८९ ला रेसिंग पोस्ट ट्रॉफी, २०१८ ला व्हर्टेम फ्युच्युरिटी. व्हेगली नोबल १९६७ ला जिंकला, रेफरन्स पॉइंट १९८६ ला, कॅमलॉट २०११ ला, तिघांच्या रेकॉर्डमध्ये तीन वेगळी नावं दिसतात आणि रेस मात्र एकच.

चारपैकी एखादी गोष्ट जुळली नाही तर लगेच सोडून देऊ नका. याच रेसचं २०१९ ला काय झालं, डाँकास्टरला इतका पाऊस की मैदान पाण्याखाली, मग रेस न्यूकॅसलला ऑल-वेदर ट्रॅकवर १ नोव्हेंबरला घेतली आणि कॅमेको जिंकला. म्हणजे कोर्स चुकला, महिना चुकला, तरी रेस तीच. चारातल्या दोन जुळत असतील तर त्याच्या मागच्या आणि पुढच्या वर्षीचे रिझल्ट बघायचे, तिथे उत्तर मिळतं.

दुसरं, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं: ब्रिटनमध्ये ग्रुप आणि ग्रेड दर्जाच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, रेसेसना स्पॉन्सरच्या नावाशिवाय एक रजिस्टर्ड टायटल असतं. रेसकार्डवर किंवा रिझल्टच्या पानावर मोठ्या अक्षरात स्पॉन्सरचं नाव आणि त्याच्या जवळच बारीक अक्षरात ‘रजिस्टर्ड अ‍ॅज’ असं लिहून खरं नाव देतात. ती ओळ शोधायची. चेल्टनमच्या मार्च फेस्टिव्हलमध्ये आज ब्राउन अ‍ॅडव्हायझरी नोव्हिसेस चेस (नोव्हिसेस म्हणजे त्या प्रकारात नवख्या घोड्यांची) म्हणतात अशी एक रेस आहे, त्याआधी आरएसए, त्याआधी सन अलायन्स, पण रजिस्टर्ड टायटल आहे ब्रॉडवे नोव्हिसेस चेस. तिथल्याच अल्बर्ट बार्टलेट रेसच्या खाली स्पा नोव्हिसेस हर्डल आहे. मला सगळ्यात लागतं ते गोल्डन मिलरचं. हा घोडा १९३२ ते १९३६ सलग पाच वर्षं चेल्टनम गोल्ड कप जिंकला, १९३४ ला त्याच सीझनमध्ये ग्रँड नॅशनलही जिंकला, एका वर्षात या दोन्ही रेसेस जिंकणारा आजवरचा एकटाच घोडा. त्याच्या नावाने रजिस्टर केलेली नोव्हिसेस चेस २०११ ला सुरू झाली, पण टीव्हीवर आणि पेपरात तिला ज्यूसन म्हटलं गेलं, मग जेएलटी, मग मार्श, मग टर्नर्स. एवढ्या मोठ्या घोड्याचं नाव दिलं आणि ते कुणाच्या तोंडी कधी येऊच दिलं नाही, याला मी मान देणं म्हणणार नाही.

आता रेस सापडली की ती कुठल्या प्रकारात बसते ते ठरवायचं, कारण प्रत्येक प्रकारात नुकसान वेगळं आहे.

काही रेसेसमध्ये स्पॉन्सर नुसता पुढे येऊन उभा राहतो. एप्समची डर्बी १७८० पासून आहे, १९८४ ला एव्हर रेडी डर्बी झाली, नंतर व्होडाफोन, इन्व्हेस्टेक, काझू, बेटफ्रेड, पण डर्बी शब्द कुणी काढला नाही आणि काढायची कुणाची हिंमतही नाही. ग्रँड नॅशनलचंही तसंच, सीग्रॅम, मार्टेल, जॉन स्मिथ्स, क्रॅबीज, रँडॉक्स, सगळे पुढे लागले, नाव तसंच. (१९९१ ला, सीग्रॅमच्या शेवटच्या वर्षी, जिंकलेल्या घोड्याचं नावही सीग्रॅमच होतं, त्यामुळे त्या वर्षीचे रिझल्ट वाचताना घोडा कुठला आणि कंपनी कुठली ते नीट बघा.) सँडाउनची एक्लिप्स १९७६ पासून कोरल-एक्लिप्स आहे. एक्लिप्स म्हणजे अठराव्या शतकातला कधीच न हरलेला घोडा, त्याचं नाव अजून रोजच्या बोलण्यात आहे, कंपनीलाही जाहिरात मिळते. माझं मत विचाराल तर स्पॉन्सरशिप अशीच असावी, पुढे लावा पण जागा घेऊ नका.

दुसरा प्रकार वर आलाच, खरं नाव आहे पण झाकलेलं.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड: जन्मच स्पॉन्सरच्या नावाने झालेला. व्हिटब्रेड गोल्ड कप १९५७ ला सँडाउनला सुरू झाला, ब्रिटनमधली पहिली कमर्शियल स्पॉन्सरशिपची रेस म्हणून तो ओळखला जातो, व्हिटब्रेड म्हणजे बिअर बनवणारी कंपनी. आर्कल १९६५ ला जिंकला, डेझर्ट ऑर्किड १९८८ ला जिंकला, आणि लोकांच्या डोक्यात व्हिटब्रेड म्हणजे बिअर नाही तर एप्रिलच्या शेवटची ती साडेतीन मैलांहून लांब चेस असं झालं. २००१ नंतर कंपनी बाहेर पडली आणि खाली दुसरं कुठलं नावच नव्हतं! मग अ‍ॅट द रेसेस गोल्ड कप, बेटफ्रेड गोल्ड कप, बेट३६५ गोल्ड कप. हेनेसीचं (ब्रँडी बनवणारी कंपनी) तेच, ती रेसही १९५७ चीच, पहिल्यांदा चेल्टनमला आणि १९६० पासून न्यूबरीला. आर्कल दोनदा, डेनमन दोनदा (२००७ आणि २००९), २०१६ ला हेनेसी गेली, लॅडब्रोक्स ट्रॉफी झाली, २०२२ पासून कोरल गोल्ड कप. लॅडब्रोक्स आणि कोरल दोन्ही एकाच मालकाचे ब्रँड आहेत, म्हणजे स्पॉन्सर तसा बदललाही नाही, तरी नाव बदललं.

इथे कुणी म्हणेल की व्हिटब्रेड, हेनेसी हीसुद्धा कंपन्यांचीच नावं, मग जुनं नाव गेलं म्हणून हळहळ कशाला. पण साठ वर्षं एकच नाव राहिलं की ते लोकांचं होतं, बापाने मुलाला सांगितलेलं असतं. आणि स्पॉन्सरच्या पैशाशिवाय या रेसेस झाल्याच नसत्या हेही तितकंच खरं, बक्षिसाची रक्कम कुठून तरी यायलाच लागते. माझी तक्रार पैशाबद्दल नाहीच, दर चार वर्षांनी पाटी बदलते त्याबद्दल आहे.

आता जिथे हमखास चुकायला होतं त्या जागा. एक, एकाच स्पॉन्सरच्या दोन रेसेस. फ्लोरिडा पर्ल चार वेळा हेनेसी जिंकला असं वाचलंत तर ती न्यूबरीची नाही, आयर्लंडमधली लेपर्डस्टाउनची फेब्रुवारीतली हेनेसी गोल्ड कप, तिला आता आयरिश गोल्ड कप म्हणतात. दोन, गेलेलं नाव परत येणं. चेल्टनमची नोव्हेंबरची मोठी हँडिकॅप चेस १९६० पासून मॅकेसन, मग मर्फीज, थॉमस पिंक, पॅडी पॉवर, मध्ये बेटव्हिक्टर, आणि २०२० ला पुन्हा पॅडी पॉवर, आणि वर पॅडी पॉवर चेस म्हणून लेपर्डस्टाउनला ख्रिसमसच्या दिवसांत आणखी एक आहेच. तीन, हे सगळ्यात वाईट, तेच नाव उचलून दुसऱ्याच रेसला लावणं. २०२४ पर्यंत टर्नर्स म्हणजे चेल्टनमची ती गोल्डन मिलरवाली नोव्हिसेस चेस होती, २०२५ ला टर्नर्स म्हणजे नोव्हिसेस हर्डल, जिचं रजिस्टर्ड टायटल बेरिंग बिंगम आहे. नुसतं ‘टर्नर्सचा विनर’ लिहिलं तर पाच वर्षांनी कुणाला काय कळणार. चार, पुढे ढकललेल्या रेसेस: केम्प्टनची २०१० ची किंग जॉर्ज बर्फामुळे जानेवारी २०११ ला झाली आणि २०११ ची नेहमीसारखी २६ डिसेंबरला, म्हणजे एका कॅलेंडर वर्षात दोन विनर, लाँग रन आणि कॉटो स्टार, आणि दोन्ही बरोबर.

शोधलेलं लिहून ठेवताना त्या वर्षी जे नाव होतं ते तसंच ठेवा, पुसू नका, आणि शेजारी कायमचं नाव द्या. ‘१९६७, ऑब्झर्व्हर गोल्ड कप, म्हणजे डाँकास्टरची फ्युच्युरिटी.’ जिथे कायमचं नावच नाही तिथे जागा आणि महिना लिहा, ‘१९६५, हेनेसी, न्यूबरीची नोव्हेंबरची चेस.’ जुन्या नावावर आजचं नाव चिकटवून ‘आर्कलने कोरल गोल्ड कप जिंकला’ असं लिहू नका प्लीज, आर्कलच्या वेळी तसलं काही नव्हतं. जुने रिझल्ट तपासायला वेदरबीज कुटुंबाचं रेसिंग कॅलेंडर १७७३ पासून आहे, मोठ्या लायब्ररीत किंवा स्कॅन करून ऑनलाइन बरेच जुने खंड मिळतात, आणि त्या काळचे पेपर ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर पैसे भरून वाचता येतात. पेपरात रेसच्या आधीच्या दिवसाची बातमीही वाचा, नाव बदललेलं असेल तर बहुतेक तिथेच ‘पूर्वीची अमुक’ असं सापडतं.

आणि एखाद्या रेसचा स्पॉन्सर जातोय अशी बातमी आली की त्याच आठवड्यात रेसकोर्सला ईमेल करा, नवा करार जाहीर झाल्यावर नाही, कारण तोपर्यंत नाव ठरून बोर्ड छापून झालेले असतात. मागणी छोटी आणि नेमकी ठेवा: रजिस्टर्ड टायटल स्पॉन्सरच्या नावाला जोडून त्याच आकाराच्या अक्षरात छापा, आणि टायटलच नसेल तर आता एक द्या, कोर्सचं किंवा एखाद्या घोड्याचं, जे पुढच्या करारात विकायला नसेल.