जगबुडीनंतरचं जग दाखवताय? या चुका टाळा

नवख्यांच्या प्रलयोत्तर शॉर्टफिल्ममध्ये पहिल्याच शॉटला कळतं, की वातावरण एडिटला बसल्यावर चिकटवलंय. शूटिंग नेहमीसारखं उरकायचं, तयार प्रीसेट (रंगांची आयती सेटिंग) टाकायचा, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) सरसकट उतरवायचं. गवत, आकाश, भिंत आणि माणसाची कातडी सगळं एकाच करड्या रंगात जातं. प्रेक्षकाला उजाड जग दिसत नाही, मळक्या काचेतून पाहिल्यासारखं नेहमीचंच जग दिसतं.

आधी एवढं ठरवा: आपत्ती कसली आणि तिला किती वर्षं झाली? राखेनं सूर्य झाकला असेल तर हिरवळ उरणार नाही. पण साथीनं माणसं गेली असतील तर काही वर्षांत झाडोरा रस्त्यावर येतो, तिथे हिरवा रंग घालवणं म्हणजे गोष्टच खोटी पाडणं. मग कॅमेरामन आणि कला दिग्दर्शकानं मिळून दोन-तीन रंग निवडावेत, उदाहरणार्थ गंज, माती आणि विटका निळा. बाकीचे रंग कपड्यांतून आणि प्रॉपर्टीतून (दृश्यातल्या वस्तूंतून) लोकेशनवरच हटवावेत. हिरवा उतरवायचाच असेल तर ग्रेडिंगमध्ये (एडिटनंतरच्या रंगकामात) फक्त हिरवा आणि पोपटी ह्यू (रंगछटा) पकडा, त्वचा मास्कनं (फ्रेमचा हवा तेवढाच भाग निवडून) वेगळी काढा आणि व्हेक्टरस्कोपवर (रंग मोजणाऱ्या आलेखावर) ती स्किन टोनच्या रेषेजवळ ठेवा. चेहऱ्यात रक्त दिसलं तरच भोवतालचं मेलेपण जाणवतं. 8 बिट फुटेज (रंगांच्या कमी पायऱ्या असलेलं) एवढं ताणलं की आकाशात पट्टे पडतात, म्हणून 10 बिट लॉगमध्येच (ग्रेडिंगला वाव ठेवणाऱ्या फिक्या प्रोफाइलमध्ये) शूट करा.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015) या बाबतीत जरूर अभ्यासावा. शूटिंग ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलच्या परिसरात ठरलं होतं. तिथे धो धो पाऊस झाला, वैराण जमिनीवर फुलं उगवली आणि अखेर मुख्य शूटिंग नामिबियात हलवावं लागलं. रंगही त्यांनी उडवले नाहीत. वाळू भडक नारिंगी आणि आकाश गडद निळं ठेवलं, तरीही ते जग राहण्यालायक वाटत नाही. त्यातली रात्रीची दृश्यंही दिवसाच घेतलीत, आणि तीसुद्धा मुद्दाम जास्त एक्सपोजर देऊन, म्हणजे कॅमेऱ्यात जास्त उजेड घेऊन. जुनी रीत अंडरएक्स्पोज करण्याची होती, पण डिजिटलमध्ये त्यानं सावल्यांत नॉइज (दाणेदार खरखर) येतो. जास्त एक्सपोजर देऊन ग्रेडिंगमध्ये खाली आणलं की सावलीतला तपशील शाबूत राहतो. फक्त हायलाइट्स क्लिप होऊ देऊ नका (सर्वांत उजळ भाग पांढरेफटक पडू देऊ नका), आणि शक्यतो आकाश फ्रेमबाहेर ठेवा. प्रत्येकाला देश बदलणं परवडणार नाही, पण शूटिंगच्याच आठवड्यात पुन्हा एकदा रेकी (लोकेशनची पाहणी) करणं कुणालाही जमतं.

दुसरी चूक कानांची आहे, आणि तिच्याकडे तर कुणी बघतही नाही. 'सगळं शांत झालंय' असं दाखवायला टाइमलाइनवर ऑडिओ ट्रॅक कोराच सोडतात. कोरा ट्रॅक शांतता ऐकवत नाही, स्पीकर बंद पडल्याचा भास देतो. प्रत्येक लोकेशनवर पॅकअपआधी सगळ्यांना गप्प उभं करून किमान एक मिनिट अ‍ॅम्बियन्स (त्या जागेचा पार्श्वध्वनी) रेकॉर्ड करा. घाई झालेली युनिट्स नेमकं हेच टाळतात. माइकवर केसाळ विंडशील्ड हवंच, आणि संवादाच्या ट्रॅकवर साधारण 80 हर्ट्‌झचा लो-कट (त्याखालचे आवाज गाळणारा फिल्टर) लावावा. मग अ‍ॅम्बियन्समधून माणसाचा माग काढून टाका: दूरची वाहतूक, विमान, विजेची 50 किंवा 60 हर्ट्‌झची गुणगुण. उरलेल्या वाऱ्यावर दोनच थर चढवा, एक दूरचा (सैल पत्रा, दोरीची करकर) आणि एक अगदी जवळचा. हा जवळचा थर म्हणजे फोली (नंतर वेगळे रेकॉर्ड केलेले बारीक आवाज): बुटाखाली खडी, बाटलीचं झाकण, श्वास. एवढासा आवाज स्पष्ट ऐकू आला की आजूबाजूला दुसरं कुणी नाही हे आपोआप कळतं. भीतीसाठी 40 हर्ट्‌झचा घुमारा टाकणाऱ्यांनी तो एकदा फोनच्या स्पीकरवर ऐकावा. तिथे तो गायबच होतो. सॅच्युरेटर (मूळ आवाजाला वरचे उपस्वर, म्हणजे हार्मोनिक्स, जोडणारा इफेक्ट) लावून 150–200 हर्ट्‌झच्या आसपासचे हार्मोनिक्स वाढवा, म्हणजे छोट्या स्पीकरवरही दडपण पोहोचतं.

रिकामं शहर दाखवताना फ्रेमच्या कडा तपासत नाहीत. चालू सिग्नल, दिवा लागलेली खिडकी, विमानाची पांढरी रेघ, एवढ्यानं शॉट वाया जातो. '28 डेज लेटर' (2002) मध्ये लंडनचे रस्ते पहाटे उजाडताना, वाहतूक एका वेळी मोजकी मिनिटं थांबवून टिपले. कॅनन एक्सएल 1 हे छोटे डीव्ही (डिजिटल व्हिडिओ टेपचे) कॅमेरे झटपट मांडता येत, म्हणून एकाच वेळी अनेक कोन मिळाले. आज लोक त्याची खरखरीत प्रतिमा प्लगइननं नकलतात आणि पहाट मात्र झोपून काढतात. रस्ता थांबवता येत नसेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर लॉक करा, एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा, दहा मिनिटं शूट करा आणि फ्रेमचे रिकामे तुकडे मास्कनं जोडा. हे ढगाळ हवेत करा. उन्हात तेवढ्या वेळातही सावल्या सरकतात आणि सांधे दिसतात.

ढगाळ उजेड सपाट वाटला तर चेहऱ्याच्या एका बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, काळं कापड धरा.

वाऱ्यात फॉग मशीन लावू नका, दोन शॉट कधीच जुळत नाहीत.

हातात हलणारा कॅमेरा पळापळीसाठी राखून ठेवा. ओसाडपणाला स्थिर आणि लांब शॉट लागतो.

राहिला कपड्यांचा प्रश्न. नवा शर्ट घेऊन त्यावर सगळीकडे सारखाच तपकिरी रंग फवारलेला लगेच ओळखू येतो. कापड झिजतं ते कॉलर, कोपर, गुडघे आणि खिशाच्या तोंडाशी. आधी दोन-तीनदा धुऊन कांजी घालवा, मग त्या जागा सँडपेपर आणि तारेच्या ब्रशनं घासा. पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग शिवणींत आणि घड्यांत ब्रशनं भरा, आणि मुलतानी माती सर्वांत शेवटी, नाका-तोंडाला मास्क लावून, खिशांवर आणि खांद्यांवर थापा. प्रत्येक पोशाखाचे समोरून, मागून आणि बाजूनं फोटो काढून ठेवा, कारण माती झटकली जाते आणि पुढच्या दिवशी तोच डाग तिथेच लावावा लागतो.