अंबाझरीवर सराव, रत्नदुर्गावर डॉल्फिन

समुद्रपक्षी आणि डॉल्फिन पाहायचे म्हणून नागपूरकराने एकदम कोकणची गाडी पकडू नये. आधी काही रविवार अंबाझरीला द्यावेत. सकाळी तलावाच्या पूर्वेकडच्या काठावर उभे राहा. सूर्य पाठीशी, पाणी समोर पश्चिमेला. कोकणच्या भूशिरावरही सकाळी हेच असते. दुपारनंतर मात्र ऊन डोळ्यांवर येते आणि चकाकीत सगळे पक्षी काळे दिसतात.

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरे. त्याहून फार मोठी घेतली तर हाताची थरथरही मोठी होते.

नदी सुरय (रिव्हर टर्न) हा पक्षी दिसला की त्यालाच धरून बसा. अणकुचीदार पंख, दुभंगलेली शेपटी, उडताना चोच खाली आणि मग पाण्यात सूर. कुरव, म्हणजे सीगल, याहून जाडजूड, रुंद पंखांचा, पाण्यावर निवांत बसणारा. समुद्रावर पक्षी ठिपक्याएवढा असतो, तिथे रंग कामी येत नाहीत, उडण्याची ढबच ओळख पटवते. याच काठावर दुर्बीण फिरवायलाही शिका: डावीकडून उजवीकडे, अगदी संथ. माझ्या मते पक्ष्यांची नावे पाठ करण्यापेक्षा हे जास्त महत्त्वाचे आहे.

आता किनारा. ऑक्टोबर ते मार्च बरा. वाळूवर उभे राहिल्यास क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असते, ३० मीटर उंचीवरून ते सुमारे २० किलोमीटरवर जाते. म्हणून रत्नागिरीचा रत्नदुर्ग किंवा देवगडचा किल्ला निवडा. कड्याच्या टोकाशी जाऊ नका, शेवाळलेल्या कातळावर तर मुळीच नाही. शाळेत शिकलेले मतलई वारे इथे उपयोगी पडतात: सकाळी वारा जमिनीवरून वाहतो, किनाऱ्याजवळ लाटा कमी असतात आणि पाण्याबाहेर आलेली पाठ लगेच दिसते.

आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा. सुरय एकाच जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली मासळीचा थवा आहे. दुर्बीण तिथे लावा. आपल्या किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनच्या पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर (फिन) असतो. पर नसलेली काळपट पाठ हळूच वळून गेली तर ते बिनपराचे पॉरपॉइज, डॉल्फिनचा नातलग. डॉल्फिन बुडाला की तीच जागा न्याहाळत राहू नका. तो ज्या दिशेने चालला होता, तिकडे थोडी पुढे नजर ठेवा आणि थांबा.