सुकियाकी: भांडं भरू नका

सुकियाकी ही बीफची जपानी डिश हॉटपॉटमध्ये, म्हणजे टेबलावर शिजवत खायच्या प्रकारात, मोडते खरी, पण ती सूप नव्हे. टेबलावरच शेगडी, तिच्यावर बिडाचं उथळ, जाड भांडं. थोडं शिजवायचं, लगेच खायचं, मग पुढचं टाकायचं. सगळं एकदम ओतलं की मांस भाजण्याऐवजी उकडतं, भाज्यांना पाणी सुटतं आणि चव पार पांचट होते.

चौघांना ५०० ते ६०० ग्रॅम बीफ पुरतं. चरबीचं जाळं असलेलं घ्या, काप साधारण २ मिलिमीटर जाडीचे. शाबु-शाबूसाठीचे (उकळत्या रसात बुडवून खायचा जपानी हॉटपॉट) काप याहून पातळ असतात, ते इथे फाटतात. सोबत नेगी म्हणजे जाड दांड्याची जपानी पात, भाजलेला तोफू, शिइताके मशरूम, शुंगिकूचा म्हणजे खाण्याच्या शेवंतीचा पाला आणि कोंजाक या कंदाच्या शेवया, शिराताकी. या शेवया आधी २-३ मिनिटं उकळून निथळा, नाहीतर त्यांचा उग्र वास रसात उतरतो.

टोकियोकडची पद्धत मेइजी काळातल्या (१८६८-१९१२) ग्यूनाबे म्हणजे बीफच्या हॉटपॉटच्या वळणाची: वारिशिता नावाचा रस आधी तयार ठेवायचा. मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदूळ-वाइन) आणि साके (तांदळाची दारू) १००-१०० मिली उकळून अल्कोहोल उडवा, मग १०० मिली सोया सॉस आणि ३ मोठे चमचे साखर. ओसाका-क्योतोकडे आधी रस करत नाहीत. तापलेल्या भांड्यात बीफची चरबी फिरवतात, काप पसरतात, वर साखर भुरभुरतात आणि सोया सॉस शिंपडतात. साखर कडेने तपकिरी व्हायला लागते, खमंग वास सुटतो. घरी वारिशिता वापरणार असाल तरी पहिले काप असेच करा. ती चव उकळत्या रसात येत नाही.

काप अजून किंचित गुलाबी असतानाच उचला. मग नेगी, तोफू, मशरूम आपापल्या कोपऱ्यात लावा आणि रस जेमतेम अर्ध्या उंचीपर्यंत ओता. शुंगिकू अगदी शेवटी, मिनिटभर पुरे. जास्त शिजला की कडवट लागतो. रस आटून खारट झाला तर कोंबूचं दाशी (समुद्री शेवाळाचं सार) किंवा साधं पाणी घाला, सोया सॉस मुळीच नाही.

प्रत्येकाच्या वाटीत एक कच्चं अंडं हलकं फेटलेलं असतं. घास त्यात बुडवला की निवतो आणि खारटपणा मऊ होतो. जपानात अंडी कच्ची खाण्याच्या हिशेबानेच विकली जातात. इतरत्र पाश्चराइज्ड अंडी मिळाली तरच हे करा.

तळाशी उरलेला रस फेकू नका. त्यात उकडलेले उदोन (गव्हाचे जाड नूडल्स) घालून, रस आटून चिकटेपर्यंत परता.