सेकंडहॅण्ड गाडी उन्हात बंद पडली तर

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की नुकत्याच घेतलेल्या जुन्या गाडीची कूलिंग सिस्टिम सगळ्यात आधी मान टाकते. टेम्परेचरचा काटा चढताना दिसला तर एसी बंद करून गाडी कडेला, जमल्यास सावलीत घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबाखाली असतं, ते थेट तोंडावर उडतं. निदान अर्धा तास थांबा. पातळी कमी असेल तर साधं पाणी घालून जवळचं गॅरेज गाठता येतं, पण तेवढ्यापुरतंच. पाणी गंजासारखं तांबूस निघालं तर आधीच्या मालकाने कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या, गंज रोखणाऱ्या द्रवाचे) पैसे वाचवलेत असं समजा. ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस दिसला तर मात्र गाडी चालवूच नका, टो करा. हेड गॅस्केट (इंजिनमध्ये ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं सील) गेल्याची शक्यता असते आणि तो खर्च खिशाला चांगलाच चटका देतो.

स्टार्टर नुसता टकटक करत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल घासूनपुसून घट्ट करा.

वर्धा रोड किंवा जबलपूर रोडवर शहराबाहेर अडकलात तर राष्ट्रीय महामार्गाची १०३३ ही हेल्पलाइन आहे. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का, तेही बघा. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. एजंट ‘होऊन जाईल भाऊ’ म्हणतो, पोचपावती मागा.